पिंपळीची मावसबहीण: ओकिनावाच्या बाजारात आणि परसात

जपानच्या ओकिनावा बेटावरच्या नाहा शहरातल्या माकिशी बाजाराच्या आसपासच्या गल्ल्यांत हळद एका नावाने मागून चालत नाही. तिथे ती तीन प्रकारची मिळते. एक आपली नेहमीची, पिवळीधमक. ती शरदात फुलते म्हणून ‘शरदाची हळद’. दुसरी वसंतात फुलणारी, कडवट, म्हणजे आपली रानहळद. तिसरीचा कंद कापला की आत निळसर-जांभळी झाक दिसते. दुकानदार आजींनी तिचा तुकडा हातावर ठेवला, मी तो नाकाशी नेला आणि ऐन उकाड्यात मला नरकचतुर्दशीची पहाट आठवली. उटण्यातला कचोरा! आपण तो अंगाला लावतो, ही माणसं वाळवून त्याचा काढा पितात. आजींनी पोटावरून हात फिरवून तो कशासाठी ते सांगितलं. तेवढं मला दुभाष्याशिवाय कळलं.

बाकीच्या बोलण्याला दुभाषी सोबत होती. माझी मावसबहीण योकोहामात नोकरी करते आणि जपानी फर्डं बोलते. ओकिनावाची कल्पनाही तिचीच. “दादा, शंभरी गाठणाऱ्या माणसांचं बेट म्हणतात, बघून तरी येऊ,” म्हणाली. मला त्या शंभरीपेक्षा ती माणसं खातात काय याची उत्सुकता जास्त होती.

हळद इथे मुरलेली आहे. ओकिनावा हे जपानच्या मुख्य बेटांच्या नैऋत्येला. एकेकाळी तिथे र्‍यूक्यूचं स्वतंत्र राज्य होतं. सतराव्या शतकात त्या राज्याने साखर आणि हळद या दोन्हींचा व्यापार स्वतःच्या मुठीत ठेवला होता, कारण दक्षिण जपानमधल्या सातसुमा प्रांताच्या सरदारांचं देणं भागवायचं होतं. आज तीच हळद थंड चहाच्या रूपात बाटलीतून मिळते. जपानभरच्या चोवीस तास उघड्या दुकानांत हळदीचं एक पेय असतं, ते लोक दारू प्यायला बसण्याआधी घेतात, दुसऱ्या दिवशी डोकं धरू नये म्हणून. आपल्याकडे घसा बसला की हळदीचं दूध. इथे बैठक बसायच्या आधी हळद. फायदा किती होतो ते पिणाऱ्यांनाच विचारावं.

दुसऱ्या दिवशी गाडी भाड्याने घेऊन उत्तरेकडे ओगिमी गावाला निघालो. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला डोंगरउतारावर शिकुवासाच्या बागा. शिकुवासा म्हणजे सुपारीपेक्षा थोडं मोठं, हिरवं, कमालीचं आंबट लिंबू. गावात एक शिळा आहे. तिच्यावरचा मजकूर बहिणीने वाचून दाखवला, त्याचा मथितार्थ असा: ऐंशीचा झालास तरी तू पोरच, नव्वदीत वरून न्यायला आले, तर शंभर होईपर्यंत थांबा म्हणून त्यांना परत पाठव. वारकऱ्यांच्या पंगतीत शोभेल असा हा मिश्कीलपणा.

गावातल्या एका छोट्या खाणावळीत जेवलो. ताटात पाच-सहा वाट्या, प्रत्येकीत दोन-तीन घासांपुरतं काही ना काही. कारल्याची परतलेली भाजी टोफू घालून. मिसोत, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्यात, शिजवलेलं कोवळं घोसाळं. जपानमध्ये इतरत्र बहुतेक ठिकाणी घोसाळं वाळवून अंग घासायला वापरतात, इथे ते खातात, आपल्यासारखंच. रताळ्याच्या पाल्याचा मऊ भात. आणि फूचिबा. हा आपल्या दवण्याच्या कुळातला पाला. पहिल्या घासाला मला जोतिबाच्या डोंगरावरची चैत्र यात्रा आठवली, कारण दवणा खाण्याची कल्पनाच मी कधी केली नव्हती. बकऱ्याच्या रश्श्यात उग्र वास मारायला तो मूठमूठ घालतात. भातात मात्र बेताने.

एका वाटीत समुद्रकाठच्या खडकांत उगवणाऱ्या एका भाजीची कोवळी पानं टोफूत कालवलेली होती. हीच ती प्रसिद्ध चोमेइसो, ‘दीर्घायुष्याची भाजी’. पश्चिमेकडच्या टोकाच्या योनागुनी बेटावर तिची लागवड होते, आणि तिथे म्हणतात की एक रोप खाल्लं की आयुष्य एका दिवसाने वाढतं. कडू आहे, जराशी ओव्याच्या पानांच्या अंगाने जाणारी. वाढणाऱ्या बाईंना बहिणीने विचारलं, “काकू, तुम्ही ही रोज खाता?” त्या हसल्या. म्हणाल्या, परसात उगवली की खाते, नाही उगवली तर दुसरं काहीतरी उगवलेलं असतंच.

त्यांचं परस मग आम्ही पाहिलंच. कुंपणाला आल्याच्या कुळातलं गेत्तो होतं, रुंद लांब पानांचं. चांद्र बाराव्या महिन्याच्या अष्टमीला इथे तांदळाच्या पिठाचे गोळे या पानांत गुंडाळून वाफवतात, त्याला मूची म्हणतात. मुलांना रोगराई बाधू नये म्हणून. हळदीच्या पानातल्या पातोळ्या खाऊन वाढलेल्या माणसाला याचं वेगळं वर्णन करून सांगावं लागत नाही. त्यांच्या गोष्टीत बहीण राक्षस झालेल्या भावाला मूची खाऊ घालून त्याचा काटा काढते, एवढाच फरक. माझ्या बहिणीला ती गोष्ट फार आवडली.

आता थोडं कडू. हा पाला-हळद खाऊन माणसं शंभर वर्षं जगतात, असं सांगणारी पाकिटं नाहाच्या मुख्य रस्त्यावर दुकानोदुकानी आहेत: भुकटी, गोळ्या, चहा, क्रीम. पण १९८५ साली जपानच्या ४७ प्रांतांत पुरुष आणि स्त्रिया या दोन्हींच्या आयुर्मानात पहिला असलेला ओकिनावा २००० सालच्या गणतीत पुरुषांच्या बाबतीत २६ व्या क्रमांकावर गेला. तिथे तो धक्का अजून त्या आकड्यानेच ओळखतात. २०२० मध्ये पुरुष ४३ वे, स्त्रिया १६ व्या. फूचिबा तेवढाच उगवतोय, हळदही तेवढीच पिवळी आहे. बदललं ते ताट. १९४९ च्या सुमारास इथल्या माणसाच्या पोटात जाणाऱ्या एकूण उष्मांकांपैकी जवळजवळ ७० टक्के एकट्या रताळ्यातून येत. १९७२ पर्यंत बेटं अमेरिकेच्या ताब्यात होती. डबाबंद डुकराचं मांस आणि बर्गर आले ते तेव्हा, आणि राहिले. कारल्याच्या भाजीतही आता तो डबा सर्रास फुटतो. शंभरीच्या नोंदींबद्दलही काही संशोधक शंका घेतात, कारण १९४५ च्या लढाईत इथली पुष्कळ कुटुंबदप्तरं जळून गेली. १९७५ पासून शतायुषींचा अभ्यास करणारे मात्र वयं पडताळलेली आहेत असं सांगतात. त्या वादात मी पडत नाही. माझं म्हणणं एवढंच की चिमटीतल्या वस्तूला मुठीतल्या वस्तूचं श्रेय देऊन ती विकली जातेय.

चिमटीचा खरा मान पाहिला तो ताकेतोमीला. नैऋत्येकडच्या इशिगाकी बेटाहून होडीने दहा-पंधरा मिनिटांचं हे चिमुकलं बेट: लाल कौलं, पांढऱ्या वाळूच्या वाटा आणि सिमेंटशिवाय रचलेल्या प्रवाळी दगडांच्या भिंती. त्या भिंतींवर एक वेल चढलेली दिसते, तिला बोटाच्या पेराएवढी उभी लाल फळं. ती पिपाची. आपल्या पिंपळीची सख्खी नव्हे, पण मावसबहीण नक्की. सितोपलादि चूर्ण ज्यांनी चाटलंय त्यांना वास लगेच ओळखू येईल. मात्र तिखटाच्या मागे दालचिनीचा गोडवा आहे, तो आपल्या पिंपळीत नाही. फळं वाळवून कुटतात आणि शेवयांच्या गरम रश्श्यावर भुरभुरतात. कोवळी पानं तळूनही खातात. मी वाटी संपेपर्यंत पुनःपुन्हा भुरभुरत होतो. शेवटी बहिणीने कुपी उचलून दुसऱ्या टेबलावर ठेवली.

परतताना नाहाच्या विमानतळावर एक फलक होता. कच्चं रताळं बेटाबाहेर न्यायला मनाई आहे, कारण इथल्या रताळ्यांना पोखरणारा एक भुंगा लागतो, तो मुख्य जपानच्या शेतात पोचू नये म्हणून. म्हणजे हळदीच्या गोळ्या हव्या तेवढ्या न्या, चोमेइसोची भुकटी न्या, पिपाचीच्या कुप्या न्या, पण ज्याच्यावर आजोबा-पणजोबा जगले ते मात्र इथेच ठेवा. शिजवलेलं चालतं, म्हणून जांभळ्या रताळ्याचे होडीच्या आकाराचे गोड टार्ट खोक्यांत भरून विकतात. बहिणीने तीन खोकी घेतली. एक योकोहामाला पोचण्याआधी विमानातच संपलं.