आग्नेय कोपऱ्यातली डबी

मी जमिनीखालचे पाइप आणि केबल शोधायचं काम करतो, म्हणजे रिडेव्हलपमेंटच्या साइटवर जेसीबी लागायच्या आधी खाली काय काय गाडलंय ते नकाशावर मांडून द्यायचं. माहीमला एका वाडीतलं जुनं कौलारू बैठं घर पाडायचं होतं, तिथल्या काकांनी मात्र वेगळंच काम सांगितलं. म्हणाले, वास्तुप्रतिमा खाली आहे ती आधी काढून द्या, ती निघाल्याशिवाय आई एका कौलाला हात लावू देत नाहीये.

वास्तुशांतीला आग्नेय कोपऱ्यात प्रतिमा पालथी पुरतात, सोबत शेवाळ, सप्तधान्य, पंचरत्न, हे आपल्याकडे बहुतेकांना माहीत असतं. पण पुढे फरशी बदलते, भिंत सरकते, आणि नेमकी जागा घरातल्या एखाद्याच माणसाला ठाऊक उरते.

सुरू करायच्या आधी मी एक गोष्ट सांगतोच. १८७८ चा निखात निधी कायदा आजही लागू आहे, जमिनीत पुरलेलं १० रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही सापडलं तर कलेक्टरला कळवायचं असतं. काका लगेच म्हणाले, कळवू की, त्यात काय. (ऑनलाइन मेटल डिटेक्टर मागवून रात्री गडकिल्ल्यांवर खणत फिरणाऱ्या लोकांचा मला मनापासून राग येतो, जागेवरून उचललेल्या वस्तूचा अर्धा इतिहास तिथेच मरतो.)

जुन्या घरात डिटेक्टर चालवणं हा तापच असतो. मशीनच्या टोकाला तारेचं वेटोळं असतं, त्या कॉईलच्या चुंबकीय क्षेत्रामुळे खालच्या धातूत बारीकसा करंट तयार होतो आणि तो मशीन पकडतं, लोखंडाला घोगरा आवाज, तांब्या-चांदीला चढा सूर. पण जोत्यात भरलेला आपला काळा दगड आणि मुरूम, त्यात मुळातच लोहाचा अंश, त्यामुळे आधी ग्राउंड बॅलन्स नीट करावा लागतो, म्हणजे जमिनीच्या स्वतःच्या सिग्नलकडे दुर्लक्ष करायला मशीनला शिकवायचं, नाहीतर मशीन उगाचच ओरडत राहतं. वर खिळे, बिजागऱ्या, पत्र्याचे तुकडे आहेतच. बरेच जण नको त्या धातूंचा आवाज सरळ बंदच करतात, मी इथे केला नाही, कारण सोन्याचा पातळ पत्रा आणि चॉकलेटची चांदी मशीनला जवळपास सारखीच वाटते, एक गाळायला जावं तर दुसरंही जातं.

काकांनी दाखवलेल्या कोपऱ्यातली शहाबादी काढली, छोटी कॉईल लावली, खिळ्यांशिवाय काही नाही. तेवढ्यात आजी काठी टेकत आत आल्या. "अरे बाळा, तिथे काय शोधतोयस? ही भिंत मामंजींनी मागनं पुढे घेतली. मी लग्न होऊन आले तेव्हा चूल इथे होती, नि वास्तूचं नैवेद्याचं पान मी इथे मांडायचे." आणि त्यांनी काठी ठेवली ती थेट गॅसच्या ओट्याच्या अलीकडे, खोलीच्या जवळजवळ मध्यावर.

फरशी काढली, चार बोटं मुरूम खरवडला आणि कॉईल फिरवली तर स्वच्छ चढा सूर, कुठूनही फिरवा, तोच. पुढे खुरपी बाजूला ठेवून हातानेच माती काढली. वीतभर खाली तांब्याची डबी, हिरवीगार पडलेली. झाकण मी उघडलं नाही, आजींच्याच हातात दिली.

आत धान्याची काळी भुकटी, त्यात पोवळ्याचा एक तुकडा, अजून लालच, आणि करंगळीच्या पेराएवढी सोन्याच्या पत्र्याची प्रतिमा, नाक-डोळे नुसते टोचून काढलेले. तळाला एक पाव आणा होता, पंचम जॉर्जचा, १९१९. घरात सगळे म्हणायचे की घर प्लेगच्याही आधीचं, म्हणजे १८९६ च्या आधीचं. घर असेलही, पण ही वास्तुशांत १९१९ च्या आधीची असूच शकत नाही, हे काकांना सांगितलं तर ते नाणं उजेडात धरून कितीतरी वेळ उलटसुलट करत बसले. आजींना त्या वर्षाचं काही नव्हतं, त्या प्रतिमेला कुंकू लावायच्या गडबडीत.

जागेवरचे फोटो, खोली, भिंतींपासूनची मापं सगळं लिहून काकांना दिलं, कलेक्टरकडच्या अर्जाला जोडायला. नव्या इमारतीत त्यांचा फ्लॅट वरच्या मजल्यावर आहे, तिथे पुरायला जमीन नाही, मग प्रतिमेचं काय करायचं ते गुरुजींना विचारून ठरवणार होते. मी आता पाडकामाच्या कुठल्याही साइटवर गेलो की आधी विचारतो, घरातलं सगळ्यात म्हातारं माणूस कोण, त्यांना एकदा इथे आणता येईल का.