आईच्या पॅनवर अडलेला माझा एचआरए

आईला भाडं देऊन एचआरएची, म्हणजे पगारातल्या घरभाडे भत्त्यावरची, करसवलत घेता येते. हे आधीच सांगते, कारण ऑफिसात दोघांनी मला 'घरच्यांना दिलेलं भाडं चालत नाही' म्हणून घाबरवलं होतं. चालतं. घर त्यांच्या नावावर हवं, मालकीत तुमचं नाव नको आणि पैसे खरोखर दिलेले हवेत. मी पुण्यात आईच्या नावावरच्या फ्लॅटमध्ये राहते, दर महिन्याच्या पाच तारखेला तिच्या खात्यात १२,००० रुपये जमा करते. करार, पावत्या सगळं एप्रिल २०२३ मध्येच झालं होतं. जुनी करप्रणालीही तेव्हाच निवडली. नव्या प्रणालीत ही सवलत मिळत नाही.

जानेवारीत पुरावे द्यायची वेळ आली. भाडं वर्षाला एक लाखाच्या वर असलं की घरमालकाचं पॅन द्यावं लागतं. दिलं. तिसऱ्या दिवशी मेल आला: घरमालकाचं पॅन निष्क्रिय.

आईने ते आधारशी जोडलंच नव्हतं, आणि असे पॅन १ जुलै २०२३ पासून बंद पडले होते. हजार रुपये दंड भरला तरी जोडणी होईना. पॅनवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं! म्हणजे आधी पॅनवरचं नाव बदला. पॅन केंद्रावरचा मुलगा म्हणाला, "काकू, मॅरेज सर्टिफिकेट आणा, त्याशिवाय होणार नाही." आई-बाबांचं लग्न १९९४ चं, नोंदणी कुणी केलीच नव्हती. तीन शनिवार आम्ही तिथे गेलो आणि तिन्ही वेळा तेच ऐकून परत आलो. आई तर म्हणाली, "जाऊ दे गं, माझ्यामुळे तुझं अडतंय." ते ऐकून मला इतका राग आला की त्या रात्री अर्जाच्या सूचना ओळ न् ओळ वाचल्या. त्यात स्पष्ट होतं: विवाहित स्त्रीच्या नावबदलासाठी लग्नपत्रिकाही चालते.

आईने कपाटातून शालूच्या घडीत ठेवलेली पत्रिका काढली. कोपऱ्यांना हळदीकुंकू, मधे 'चि. सौ. कां.' आणि तिचं माहेरचं नाव. साध्या झेरॉक्समध्ये कुंकवाचा डाग काळा येऊन अक्षरं झाकली जात होती, म्हणून रंगीत स्कॅन करून घ्या. अर्ज आम्ही घरूनच ऑनलाइन भरला, १०७ रुपये लागले. नाव बदललं, मग जोडणीही झाली.

पण तोवर ऑफिसची मुदत संपली होती आणि फेब्रुवारी-मार्चच्या पगारातून कर कापला गेला. पैसे बुडत नाहीत, हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर माझी झोप उडाली नसती. जुलैत रिटर्न भरताना सवलत मागितली. माझं बेसिक, म्हणजे मूळ पगार, महिना ४०,०००. भाड्यातून त्याचे दहा टक्के वजा करून महिना ८,००० उरले. एचआरए १६,००० आणि पुण्यासाठी तेव्हा बेसिकचे ४० टक्के म्हणजेही १६,०००. या तिन्हींतला सर्वांत कमी आकडा धरतात, म्हणून वर्षाला ९६,००० वर कर लागला नाही. रिफंड आला.

आणि हो, भाडं आईचं उत्पन्न धरलं जातं. १,४४,००० मधून ३० टक्के वजावट मिळून १,००,८०० उरतात. तिचं दुसरं उत्पन्न नाही, त्यामुळे कर शून्य, तरी रिटर्न आम्ही भरलंच. बाबा कमावतात एवढ्यावरून पावतीवर त्यांची सही घेऊ नका; फ्लॅट ज्याच्या नावावर, सही त्याचीच.