मोरावरचा गणपती

आज लेकीला घेऊन सोमवार पेठेतल्या त्रिशुंड गणपतीला गेले होते. गाभाऱ्यात डोकावताच तिचा प्रश्न, "आई, ह्याचा उंदीर कुठंय?" तीन सोंडांचं काही वाटलं नाही, अडलं ते वाहनापाशी! हा बाप्पा मोरावर बसलाय.

मग तिथेच बसून गोष्ट सांगितली. गणेशपुराणात प्रत्येक युगात त्याचं वाहन वेगळं. कृतयुगात सिंह, त्रेतात मोर, द्वापारात उंदीर, कलियुगात घोडा. मोरावर बसून त्याने सिंधू दैत्याला मारलं, तोच मोरगावचा मयूरेश्वर. मला हा मोर फार जवळचा वाटतो. एरवी तो कार्तिकेयाचा ना, इथे भावाला पाठीवर घेऊन उभा आहे.

निघताना दर्शनी भिंतीवरचा गेंडा दाखवला. साखळदंडांनी बांधलेला, बांधणारे गोरे शिपाई. देऊळ १७५४ ते १७७० मधलं, प्लासीची लढाई १७५७ ची. गेंडा म्हणजे इंग्रजांच्या हाती गेलेला पूर्वेकडचा मुलूख, असं काही जण मानतात. पुण्यातल्या कोणा पाथरवटाने तेव्हाच ते दगडात कोरून ठेवलं, ह्या विचाराने अंगावर काटा आला.

रिक्षात बसेपर्यंत लेक एकच विचारत होती, "तो सुटला का गं?"