मातीची कामं कोण करणार?

मातीशिवाय, नुसत्या खतपाण्यावर भाजी लावायची, म्हणजे हायड्रोपोनिक्स करायचं, असं एकदा मनात आलं की माणूस आधी भांडी बघत सुटतो. पांढरे पाइप, त्यांना गोल भोकं, प्रत्येक भोकातून डोकं काढलेला लेट्यूस, खाली टाकी, टाकीत पंप. फोनवर असा एखादा फोटो जरा जास्त वेळ बघितला, की पुढे कित्येक दिवस फोन दुसरं काही दाखवतच नाही. शिडीसारखे उभे संच, मनोऱ्यासारखे फिरते संच, दिवे लावलेले संच, 'नवशिक्यांसाठी खास' संच. कोथरूडमधल्या आमच्या पूर्वेकडच्या गॅलरीत कपड्यांची दोरी, जुना कूलर आणि तुळस यांचंच एकमेकांशी पटत नाही. तरी मी टेप घेऊन कठड्याची लांबी मोजायला लागले होते.

बाबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, वेगळाच प्रश्न काढला. ते सासवडकडचे. अंजीर आणि सीताफळ यांत आयुष्य गेलेलं. मातीशिवाय भाजी म्हटल्यावर ते हसतील असं मला वाटलं होतं. पण ज्याने ठिबकमधून खतं सोडली आहेत त्याला यात हसण्यासारखं काही दिसत नाही. त्यांनी फोटो मोठा करून पाइप कुठून कुठे जातात ते नीट बघितलं आणि म्हणाले, "माती काढलीस, ठीक आहे. पण मग मातीची कामं कोण करणार?"

एकत्र कुटुंबातली थोरली काकू आठ दिवस माहेरी गेली की घराला कळतं, ती काय काय करत होती. मातीचंही तसंच. रोपाला उभं धरणं एवढंच तिचं काम आहे असं आपण समजतो. ती पाणी साठवून पुरवून पुरवून देते, कणांमधल्या फटींतून मुळांना हवा देते, खत धरून ठेवते, पाण्याचा आंबट-खारेपणा एकदम वरखाली होऊ देत नाही आणि भर दुपारी मुळं गार ठेवते. बाजारातला प्रत्येक संच यातली काही कामं यंत्रावर टाकतो आणि उरलेली, जाहिरातीत न सांगता, आपल्यावर. ही वाटणी पाहून संच निवडायचा, असं ठरल्यावर गोष्टी बऱ्याच सोप्या झाल्या.

पाइपांच्या त्या देखण्या पद्धतीला एनएफटी, म्हणजे न्यूट्रिएंट फिल्म टेक्निक, म्हणतात. इंग्लंडमध्ये ॲलन कूपर यांनी 1960 च्या दशकात ती बसवली. किंचित उतारावरच्या नळीतून खतपाण्याचा अगदी पातळ थर वाहत राहतो. मुळांचा खालचा भाग ओला, वरचा हवेत. हवेचा प्रश्न फार सुरेख सुटतो. पण नळीत साठा म्हणून काही नसतो. पंप बंद पडला तर उन्हाळ्याच्या दुपारी मुळं काही तासांत सुकतात. आमच्याकडे दुरुस्तीसाठी वीज जाते ती बहुतेक गुरुवारी. हे ऐकून बाबा म्हणाले, "म्हणजे गुरुवारी रोपांना निर्जळी." पाइप तिथेच निकालात निघाले. इन्व्हर्टर जोडून पंप चालवता येतो, लोक चालवतातही. पण लेट्यूससाठी इन्व्हर्टर घेणाऱ्या घरात दुसरे काही प्रश्न शिल्लक नसावेत.

दुसरी पद्धत टबाची. टबभर खतपाणी, त्यावर थर्माकोलचा तराफा, तराफ्यात रोपं आणि पाण्यात बुडबुडे सोडणारा, माशांच्या टाकीला लावतात तोच एअर पंप. वीज थोडा वेळ गेली तरी टबातलं पाणी सांभाळून घेतं. अडचण उन्हाची. 20 अंशाच्या पाण्यात लिटरमागे साधारण 9 मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, 30 अंशाला साडेसात. पाणी तापतं तशी मुळांची प्राणवायूची गरज मात्र वाढत जाते. अशा वेळी पिथियमसारखी बुरशी मुळं धरते. पांढरीशुभ्र मुळं तपकिरी, बुळबुळीत होतात आणि टबाला वास सुटतो. शिवाय पंपाची ती बारीक गुरगुर. दुकानात ऐकू येत नाही, रात्री अकरानंतर शेजारच्यांनाही ऐकू येते.

बादलीत कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, आणि वरून ठिबक हा प्रकार टोमॅटो-काकडीसाठी उत्तम. बाबांचं मत तिकडेच झुकत होतं. पण टोमॅटोला रोज किमान सहा तास तरी थेट ऊन हवं आणि आमच्या गॅलरीतलं ऊन अकराच्या सुमारास समोरच्या इमारतीमागे जातं. विषय संपला. दिवे लावायचे नव्हते. पुण्यात ऊन विकत घ्यायचं म्हणजे जरा अतीच.

उरली ती पद्धत सगळ्यांत आळशी, आणि मला विचाराल तर सगळ्यांत हुशार. हवाई विद्यापीठातल्या बर्नार्ड क्रॅट्की यांच्या नावाने ती ओळखली जाते. पंप नाही, वीज नाही, वाहतं पाणी नाही. बंद खोका खतपाण्याने भरायचा, झाकणाला भोकं पाडायची, भोकात जाळीचा छोटा कप बसवायचा. कपाचा तळ पाण्याला टेकेल एवढंच. रोप पाणी पिऊ लागतं, पातळी उतरते आणि झाकण व पाणी यांच्यामध्ये दमट हवेचा एक पट्टा तयार होतो. त्या पट्ट्यातली मुळं हवा घेतात, खालची पाणी घेतात. म्हणजे मातीतल्या फटींचं काम रोप स्वतःच्या तहानेतून करून घेतं! फक्त एक पथ्य: पाणी कमी दिसलं म्हणून मायेपोटी पुन्हा काठोकाठ भरायचं नाही. हवेला सरावलेली मुळं बुडाली की रोप गुदमरतं. एका लेट्यूसला बीपासून काढणीपर्यंत साधारण 4 लिटर पाणी पुरतं. एवढं सुरुवातीलाच भरलं की मधे काही करायला नको. गावाला जा, लग्नाला जा.

खोका थर्माकोलचाच घेतला, जाड भिंतींचा. आत काळा प्लास्टिकचा कागद. थर्माकोल पाणी तापू देत नाही आणि काळा कागद उजेड आत येऊ देत नाही. उजेड शिरला की हिरवं शेवाळ आधी जेवतं आणि आपलं रोप पंगतीत मागे राहतं.

मग आलं जेवण. इथे बाबांचा आणि माझा खरा वाद झाला. त्यांचं म्हणणं, "एकोणीस-एकोणीस-एकोणीस टाक. द्राक्षवाले तेच सोडतात." विद्राव्य खत, कृषी सेवा केंद्रात सहज मिळतं, स्वस्तही. पण त्यातला बराचसा नत्र युरियाच्या रूपातला असतो. मातीत तो जिवाणूंच्या हातून फिरून नायट्रेट होतो आणि मग मुळांना मिळतो. आमच्या खोक्यात हे जिवाणू कुठून आणायचे? दुसरं म्हणजे त्यात कॅल्शियम नाही, मॅग्नेशियम नाही. शेतात ही दोन्ही जमिनीतून येतात म्हणून कोणी त्यांची चौकशी करत नाही. पाण्यात मात्र कॅल्शियम कमी पडलं की लेट्यूसच्या कोवळ्या पानांच्या कडा जळल्यासारख्या होतात. बाबा जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "हेही मातीचंच काम निघालं की."

म्हणून हायड्रोपोनिक्सचं खत दोन बाटल्यांत येतं, ए आणि बी. एकीत कॅल्शियम नायट्रेट, दुसरीत फॉस्फेट, सल्फेट वगैरे मंडळी. दाट असताना ही दोन एकत्र आली की पांढरा गाळ होऊन तळाशी बसतो आणि तो रोपाच्या काही कामाचा नसतो. आधी एक बाटली पूर्ण पाण्यात ढवळायची, मग दुसरी. दोन्ही एकाच मापाच्या झाकणाने ओतायच्या नाहीत, किंवा मधे झाकण धुवायचं.

किती घालायचं ते मीटर सांगतो. आरओवाला पाण्यात बुडवून आपल्याला घाबरवतो ना, तोच टीडीएस मीटर. गंमत अशी की तो मोजतो फक्त पाण्याची विद्युतवाहकता, म्हणजे ईसी. तिला कोणी 500 ने गुणतं, कोणी 700 ने, त्यामुळे दोन मीटर एकाच पाण्याचे वेगळे आकडे दाखवतात आणि दोघेही खरे असतात. म्हणून सरळ ईसीतच बोलावं (एकक मिलिसीमेन्स प्रति सेंटिमीटर): लेट्यूसला 0.8 ते 1.2, टोमॅटोला 2 च्या पुढे. आंबटपणाचा आकडा, म्हणजे पीएच, 5.5 ते 6.5 मध्ये असला की सगळी अन्नद्रव्यं मुळांच्या हाती लागतात. तो वर सरकला, म्हणजे आंबटपणा कमी झाला, की लोह पाण्यात असूनही मिळत नाही आणि कोवळी पानं पिवळी पडतात.

या बाबतीत खडकवासल्याच्या पाण्याला मानलं पाहिजे. मऊ पाणी, खत घालण्याआधी मीटर जेमतेम हलतो. पण ज्या सोसायट्या टँकरवर आणि बोअरवर आहेत, तिथलं पाणी बेसाल्टच्या भेगांमधून क्षार घेऊन येतं. त्यातलं बायकार्बोनेट पीएच सारखं वर ढकलत राहतं. आज ॲसिडचे थेंब घालून खाली आणा, परवा पुन्हा वर. अशा घरात संच कोणता हा प्रश्न दुसरा, पाणी कोणतं हा पहिला. पावसाळ्यात गच्चीवरचं पाणी साठवता आलं तर त्याहून चांगलं काही नाही.

अमेरिकेतला एक किस्सा बाबांना फार आवडला. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कलीमधल्या विल्यम गेरिक यांनी 1930 च्या दशकात पाण्यावर एवढे उंच टोमॅटो वाढवले, की वर्तमानपत्रांनी डोक्यावर घेतलं. शेती आता मातीतून सुटली, असाच सूर होता. विद्यापीठाने डेनिस होगलंड आणि डॅनियल आर्नन या दोघांना तपासायला बसवलं. त्यांनी 1938 मध्ये जे छापलं त्याचा मथितार्थ असा, की पद्धत चालते, पण चांगल्या मातीपेक्षा पीक काही जास्त येत नाही. त्याच कामातून आलेलं होगलंडचं द्रावण आजही प्रयोगशाळांमध्ये वापरतात. बाबांनी हा किस्सा पुढच्या आठवड्यात सासवडच्या तीन नातेवाइकांना फोनवर ऐकवला, दर वेळी टोमॅटो थोडे उंच करून.

मेथी लावायच्या भानगडीत मात्र पडू नये असं माझं स्पष्ट मत आहे. एका जुडीत केवढी रोपं असतात! तेवढे कप कोण बसवणार, आणि कशासाठी? मंडईत मावशी ती मातीसकट देते, वर मूठभर कोथिंबीर घालते. पाण्यावर लावावं ते लेट्यूस, पाकचोय, बेसिल. जे दुकानात प्लास्टिकच्या डबीत मिळतं आणि दुसऱ्या दिवशी फ्रिजमध्ये लोळागोळा होतं. पुदिना तर काडी पाण्यात ठेवली तरी मुळं फोडतो. त्याच्यासाठी संच घेणं हा पुदिन्याचा अपमान आहे. लेट्यूसचं बी फार खोल पेरू नये, त्याला उगवायला उजेड लागतो. आणि गरमीत, तिशीच्या आसपास, ते चक्क झोपून राहतं. म्हणून आमच्याकडे हंगाम दिवाळीपासून शिमग्यापर्यंत.

साठलेलं पाणी म्हटलं की पुण्यात डेंग्यू आठवायलाच हवा. त्याचा डास स्वच्छ, स्थिर पाण्यातच अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत पुढची पिढी उडायला लागते. पावसाळ्यात महापालिकेचे लोक कुंडीखालच्या ताटल्यासुद्धा तपासतात; पाण्याने भरलेला खोका बघून त्यांचं काय होईल! तेव्हा झाकण घट्ट हवं, कपाभोवती फट नको, आणि न वापरलेली भोकं चिकटपट्टीने बंद. मी वरून मच्छरदाणीच्या कापडाची एक जाळीही शिवून घेतली.

होळी झाली, ऊन चढलं आणि लेट्यूसने सरळ दांडा काढला. असा फुलोऱ्यावर गेलेला लेट्यूस कडू लागतो. आता पाणी गार करायचं एखादं यंत्र बघावं का, असं मी म्हणायला लागले. बाबा म्हणाले, "अगं, उन्हाळ्यात रान पडीकच ठेवतात. तू काय जगावेगळी शेतकरीण?" उरलेलं खतपाणी दुपटीने पातळ करून सोसायटीच्या जास्वंदीला घातलं, खोके ब्लीचच्या पाण्याने धुऊन वाळवले आणि माळ्यावर टाकले. गॅलरी आता सासूबाईंकडे आहे. तिथे कुरडया वाळताहेत, आणि कबुतरांपासून त्या वाचवायला ती मच्छरदाणीची जाळी अगदी मापाची बसली आहे. दिवाळीत ती परत मिळेल की नाही, याबद्दल मात्र त्या काही बोलायला तयार नाहीत.