सातारा स्टेशन साताऱ्यात नाही: मिरज-सांगलीकडून एका दिवसात जाणाऱ्यांसाठी

आधी मुख्य गोष्ट. साताऱ्याचं रेल्वे स्टेशन माहुलीच्या हद्दीत आहे, कृष्णेच्या अलीकडे. पोवई नाका, राजवाडा, अजिंक्यतारा हे सगळं तिथून सहा-सात किलोमीटर पुढे. मला निघण्यापूर्वी एकानं नव्हे, दोघांनी सांगितलं होतं, "उतरलं की पाच मिनिटांत गावात." ते दोघेही नेहमी स्वतःच्या गाडीने जातात, हे मला नंतर समजलं.

मिरजेहून सोयीची गाडी कोयना एक्सप्रेसच. सकाळी मुंबईकडे जाणारी कोयना पकडायची, दुपारी बाराच्या आसपास साताऱ्याला उतरायचं आणि मुंबईहून येणाऱ्या कोयनेने दुपारीच परत निघायचं. दोन्हींच्या मध्ये कागदावर साडेतीन तासांच्या आगेमागे वेळ मिळतो. वेळा बदलत राहतात, आदल्या दिवशी बघूनच निघा. जाताना गाडी उशिरा आली तर तो उशीर थेट तुमच्या साडेतीन तासांतून जातो. किर्लोस्करवाडी, ताकारी, कराड, रहिमतपूर हा प्रवास छान झाला, खिडकीतून ऊसच ऊस. त्याबद्दल अधिक लिहायचं कारण नाही.

खरा प्रश्न स्टेशनच्या दारात सुरू होतो. गाडीतून उतरलेले लोक भराभर नातेवाइकांच्या मोटरसायकलींवर बसून गेले आणि मागे राहिले आमच्यासारखे परगावचे. मी विचारलं, "दादा, राजवाड्याला किती?" उत्तर आलं, "ताई, साडेतीनशे. परत यायचं असेल तर सातशे, थांबायचे वेगळे." मीटरचा विषय काढल्यावर त्याने तोंड फिरवलं. दुसऱ्याने तोच आकडा सांगितला, तिसऱ्याने हसून पहिल्याकडे बोट दाखवलं. आमच्या चौघांच्या परतीच्या रेल्वे तिकिटांना मिळून एवढे पैसे पडले नव्हते. अडलेल्या माणसाकडून असं उकळणं मला अजिबात मान्य नाही आणि उन्हात उभं राहून घासाघीस करण्यात अर्धा तास गेला याचा राग अजून गेलेला नाही.

तर सरळ सांगते, दारातल्या रिक्षाशी बोलूच नका. बाहेर चालत कोरेगाव-सातारा रस्त्यावर या. तिथे कोरेगावकडून येणारी एसटी किंवा वडाप, म्हणजे माणशी पैसे घेणारी जीप, मिळतं. सुट्टे पैसे जवळ ठेवा, पाण्याची बाटली गाडीतच भरून घ्या. पायी जायचा विचार करत असाल तर रस्ता मोठ्या वाहनांचा आहे, लहान मुलं बरोबर असतील तर नकोच.

आणि शहरात जायची घाई करू नका. पूल ओलांडला की संगम माहुली आहे, तिथेच उतरा. आम्ही वैतागून उतरलो आणि दिवस तिथेच वसूल झाला. कृष्णा आणि वेण्णा इथे मिळतात. काठावरचं विश्वेश्वराचं मंदिर श्रीपतराव पंतप्रतिनिधींनी 1735 च्या सुमारास बांधलं, समोरच्या काठावर क्षेत्र माहुलीचं रामेश्वर दिसतं. घाटाच्या पायऱ्या उतरून खाली गेलं की छत्रपती घराण्यातल्या समाध्या. थोरले शाहू महाराज 1749 च्या डिसेंबरात गेले, त्यांची समाधी इथलीच. महाराजांना वाघापासून वाचवणाऱ्या खंड्या कुत्र्याचीही समाधी इथे दाखवतात. रामशास्त्री प्रभुणे या माहुलीचे. 1817 मध्ये दुसरा बाजीराव आणि इंग्रजांचा अधिकारी जॉन माल्कम यांची भेट झाली तीही इथेच, पेशवाई बुडायच्या काही महिने आधी. एवढं सगळं स्टेशनच्या इतक्या जवळ आहे आणि आम्हाला कोणी एका शब्दानं सांगितलं नव्हतं! मी त्या ओवरीत बसून अक्षरशः आनंदाने रडायच्या बेतात होते. पावसाळ्यात मात्र येऊ नका, नदी चढली की खालच्या समाध्या पाण्यात जातात आणि पायऱ्यांवर शेवाळ धरतं. चपला पकड असलेल्या घाला.

माहुलीला तास-दीड तास दिला की शहरासाठी जेमतेम तास उरतो. त्यात एकच गोष्ट करा. इतिहासाची आवड असेल तर बस स्टँडजवळचं छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालय, सोमवार टाळून. ते नको असेल तर राजवाडा. तिथल्या शाळेत 7 नोव्हेंबर 1900 रोजी भीमराव आंबेडकरांचं नाव दाखल झालं, आता प्रतापसिंह हायस्कूल म्हणतात. अजिंक्यतारा या वेळात होत नाही. भर दुपारी किल्ला चढून, मंगळाई देवीचं दर्शन घेऊन, धावत खाली येऊन गाडी गाठू असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. औरंगजेबालाही तो 1700 मध्ये महिनोन्महिने वेढा घालूनच मिळाला. किल्ल्यासाठी मुक्कामच करा. कंदी पेढे पोवई नाक्यावर घ्या, आधी चव बघून.

कराडही त्याच दिवशी उरकू, असा बेत आमच्यातल्या एकीचा होता. तो मी हाणून पाडला. कराडचं स्टेशनही गावात नाही, ते ओगलेवाडीला आहे, जिथे प्रभाकर कंदील बनायचे. तिथून गाव चार-पाच किलोमीटर, म्हणजे हीच कटकट दुसऱ्यांदा. प्रीतिसंगम, यशवंतराव चव्हाणांची समाधी आणि नकट्या रावळाची विहीर यासाठी वेगळा दिवस ठेवा, आणि कराडला मिरज-सांगलीहून एसटीनेच जा.

परतीसाठी गाडीच्या वेळेआधी किमान एक तास पोवई नाका सोडा. कोरेगावची एसटी लगेच मिळेल असं धरू नका. आम्हाला शेवटी रिक्षाच करावी लागली, पण शहरातून स्टेशनला येताना दोनशेत ठरली. त्याच रस्त्याचे गाडीतून उतरल्यावर साडेतीनशे सांगितले होते. जनरलचं परतीचं तिकीट सकाळी मिरजेलाच काढून ठेवा, साताऱ्याच्या खिडकीवर परतीच्या वेळी रांग असते. मुंबईहून येणारी कोयना भरलेलीच येते, कराडपर्यंत उभं राहायची तयारी ठेवा. ज्येष्ठ कोणी बरोबर असेल तर परतीचं आरक्षण आधीच करा, त्यात काटकसर करू नका.