सिस्टर, इतक्या लांबून का येता?

रात्रीची औषधं देऊन झाली की पेशंटचे नातेवाईक टेबलापाशी येऊन उभे राहतात. दोन वाक्यं पेशंटची, तिसरं ठरलेलं: "सिस्टर, राहता कुठे?" बदलापूर म्हटलं की, "अहो, मग इथंच जवळ का नाही घर घेत?" परवा नगरकडच्या एका काकांनी हेच विचारलं. ते स्वतः चार रात्री जिन्याखाली सतरंजी टाकून झोपत होते. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, काका.

घेण्याचं सोडा, भाड्यानं राहून पाहिलंय. २००३ साली मुंबईत सरकारी नोकरीत लागले तेव्हा लालबागला एका चाळीत आम्ही तिघी एका आजींकडे पेइंग गेस्ट होतो. आजींचे यजमान गिरणीत तिसऱ्या पाळीला जायचे, त्यामुळे पाळी म्हणजे काय हे त्यांना समजावावं लागलं नाही. त्यांच्या मुलाला मात्र आमचं येणं-जाणं खटकायचं. इव्हिनिंग ड्युटी नऊला सुटते, पण ती कागदावर. नाइटच्या सिस्टरला ओव्हर द्यायचा असतो. एकेका खाटेपाशी थांबून कुणाचं सलाइन कधी लावलं, कुणाची युरिन बॅग किती भरली, कोण जेवलं नाही ते सांगायचं, कपाटातली इंजेक्शनं मोजून सही घ्यायची. यात साडेनऊ वाजतात, कधी दहा. आणि रिलिव्हर आलीच नाही तर सकाळ. मुलानं दहाला कडी लावायचा नियम काढला. पहिल्याच आठवड्यात दोनदा मी उलट पावली हॉस्पिटलात येऊन चेंजिंग रूमच्या बाकावर झोपले. सहा महिन्यांत तिघीही बाहेर.

त्या चाळी मुळात उठल्या कशासाठी? भोंगा झाला की माणूस चालत गिरणीत पोचावा म्हणून. पाळीचं काम आणि घर जवळजवळ लागतं, हे तेव्हा कुणालातरी कळत होतं. १९८२च्या संपानंतर गिरण्या गेल्या, आता तिथं टॉवर उभे आहेत. हॉस्पिटलं आहेत तिथंच आहेत, पाळ्याही तीनच आहेत.

क्वार्टर्सचं विचाराल. आहेत, पण माणसं जास्त आणि खोल्या कमी. मिळाली तर घरभाडं भत्ता बंद. सातव्या वेतन आयोगात मुंबईला तो मूळ पगाराच्या २४ टक्क्यांपासून सुरू झाला, म्हणजे सोडून द्यावा इतका छोटा नाही. तरी मी क्वार्टर घेतली असती. पण आमच्याच एका सिनियर सिस्टरांना निवृत्तीनंतर ट्रंका बांधताना पाहिलं. साठीच्या तोंडावर, मुंबईत जन्म काढून, त्या भाड्याची खोली शोधत कळव्याला फिरत होत्या. मी आणि ह्यांनी २००९ मध्ये बदलापूरला कर्ज काढून वन आरके घेतलं. सीएसएमटीपासून ६८ किलोमीटर, पण कडी आमची आम्ही लावतो.

मला निदान भत्ता तरी आहे. आमच्या वॉर्डातल्या मावशी कंत्राटी. त्यांना ना भत्ता, ना क्वार्टर. टिटवाळ्याहून येतात. इव्हिनिंगला लागून दुसऱ्या दिवशी मॉर्निंग असली की घरी जातच नाहीत. लिननच्या कपाटामागे त्यांची एक पिशवी असते: पातळ, फणी, चादर, चिवड्याचा डबा. राउंडला मॅडम आल्या की ती पिशवी मीच पायानं आत सरकवते. नियमात बसत नाही, माहीत आहे. मग बसवा ना कुठंतरी.

२०२० मध्ये लोकल बंद झाल्या. १५ जूनला अत्यावश्यक सेवेसाठी पुन्हा धावू लागल्या, तोवर एसटीनं येत होते. तेव्हा लोक गॅलरीत थाळ्या वाजवत होते, आणि आमच्या सोसायटीत एकानं मला लिफ्ट वापरू नका म्हणून सांगितलं. भाड्यानं राहणाऱ्या दोघी मुलींना तर खोल्या सोडाव्या लागल्या. यावर जास्त बोलत नाही, अजून राग येतो.

मॉर्निंग असली की पहाटे साडेपाचच्या आतली लोकल धरायची. वर्षानुवर्षं त्याच डब्यात त्याच बायका. त्यातल्या तिघी हॉस्पिटलवाल्याच: एक लॅबमधली, एक एक्स-रेवाली, एक माझ्यासारखी. खिडकीशी बसून सगळ्या झोपा काढतो, ज्याला त्याला वाटतं किती निवांत चाललंय.

गेल्या महिन्यात नांदेडची एक मुलगी नवीन जॉइन झाली. तिनं माझ्याकडे बदलापूरच्या भाड्यांची चौकशी केली. आकडे सांगितले तर गप्प झाली, मग म्हणाली, "मॅडम, वांगणी बघू का?" एकच स्टेशन पुढं, भाडं कमी. बदलापूर लोकल तिथवर जात नाही, कर्जत नाहीतर खोपोलीचीच धरावी लागते, आणि रात्री ती चुकली की फार वेळ ताटकळावं लागतं. हे तिला सांगायचं राहून गेलं. आज नाइटला तीच येतेय, ओव्हर देताना सांगेन.