पन्नासात पंढरपूर कसं?

सोलापुरात होटगी रोडवरच्या आमच्या ऑफिसात परदेशी वेबसाइटांच्या सपोर्टचं काम चालतं. त्यातली एक जिओकॅशिंगची. एकानं डबी लपवायची, तिचे अक्षांश-रेखांश टाकायचे. बाकीच्यांनी जीपीएस घेऊन ती शोधायची, आतल्या वहीत सही करायची आणि होती तिथंच परत ठेवायची. अमेरिकेनं नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम घातलेली चूक मे २००० मध्ये काढून टाकली आणि लगेच ३ मेला ओरेगॉनात पहिली डबी ठेवली गेली. खेळ तिकडचा, त्यामुळे मैल त्याच्या हाडात. दोन डब्यांत किमान १६१ मीटर अंतर हवं, असा नियम आहे. हा अडनिडा आकडा म्हणजे मैलाचा दहावा हिस्सा!

त्या दिवशीची तक्रार जर्मनीतून आली होती. गृहस्थ सायकलवरून डब्या शोधायचे. ठरवलेल्या केंद्रापासून ५० किमीच्या आतल्या डब्यांचा सर्च सेव्ह केलेला, पण रोजच्या मेलमध्ये भलत्या लांबच्या डब्या येतात, म्हणे.

अशा वेळी मी जर्मनीच्या नकाशात डोकं घालत नाही. टेस्ट सर्व्हरवर मी आपल्याच भागात खोट्या डब्या पेरून ठेवल्यात. केंद्र सिद्धेश्वर तलाव. डब्या अक्कलकोट, तुळजापूर, पंढरपूर, बार्शी आणि विजापूरला. इथलं काय जवळ, काय लांब, हे विचारायला कुणाकडे जावं लागत नाही. गृहस्थांच्या खात्याची सेटिंग्ज जशीच्या तशी घेतली, फक्त केंद्र सोलापूरला आणलं. नवा सर्च टाकला तर अक्कलकोट आणि तुळजापूर आले, बरोबर. सेव्ह केलेल्या सर्चचा मेल सोडला, तर त्यात पंढरपूर आणि बार्शीही हजर.

टीममधला नवा मुलगा माझ्या खुर्चीमागे येऊन उभा होता. "पंढरपूर कशाला दाखवालंय बे हे?" आणि मग जीभ चावून, "सॉरी मॅडम."

पहिला संशय नेहमीचाच, केंद्रावर. लोक १७ अंश ४० मिनिटं हे सरळ १७.४० असं टाकतात. खरं ते १७.६७ होतं. रेखांशातही तेच केलं, की सोलापूर उठून मंगळवेढा तालुक्यातल्या ज्वारीत जाऊन बसतं. अशा तक्रारी आमच्याकडे सारख्या येतात. पण इथं केंद्र मीच टाकलेलं, आणि पिन तलावावरच होती.

मग मुलानं चांगला मुद्दा काढला. मेल पाठवणारा रात्रीचा प्रोग्रॅम वेगळा आहे. वेळ वाचवायला तो आधी केंद्राभोवती चौकोन आखतो आणि त्यातल्याच डब्या पुढे मोजायला घेतो. वर्तुळाची मोजणी गळली असेल, तर चौकोनाच्या कोपऱ्यातल्या डब्या आत शिरतात. ५० किमीच्या चौकोनाचा कोपरा ७० किमीवर असतो. तो खूश झाला. मी म्हटलं, "अरे, पण पंढरपूर कोपऱ्यात आहे का?" पंढरपूर तलावापासून जवळजवळ सरळ पश्चिमेला. त्या बाजूला चौकोनाची कडही ५० वरच संपते आणि पंढरपूर हवाई अंतरानं साठाच्या थोडं पुढे. चौकोनातही ते बसत नाही.

"रस्त्यानं तर सत्तरच्या वर आहे," तो म्हणाला. रस्त्याचा इथं संबंध नव्हता, पण बोलता बोलता आम्ही अंतरं कागदावर मांडली. बार्शी पासष्टच्या आसपास, आत आलेली. विजापूर नव्वदच्या पुढे, बाहेर राहिलेलं. म्हणजे हद्द या दोघांच्या मधे कुठंतरी. मी डब्या सरकवत सरकवत हद्द गाठली. ८० ला डबी येत होती, ८१ ला नाही.

८० म्हटल्यावर कॅल्क्युलेटरही लागला नाही. ५० मैल.

डेटाबेस उघडला तर सगळं तिथंच होतं. गृहस्थांनी सर्च सेव्ह केला, तेव्हा खातं मैलांवर होतं. नोंदीत ५० आणि शेजारी मैलाची खूण. पुढे त्यांनी सेटिंग किलोमीटरवर नेलं. नोंद तशीच राहिली. पडदा मात्र आकडा नोंदीतून घ्यायचा आणि त्याला एकक खात्याच्या आजच्या सेटिंगचं चिकटवायचा. दिसायला ५० किमी, शोधायला ५० मैल.

दुरुस्ती दोन ओळींची होती, वाद मात्र संध्याकाळपर्यंत चालला. तिकडच्या डेव्हलपरचं म्हणणं, नोंद खरी आहे, पडद्यावर ८० किमी दाखवा आणि विषय संपवा. तर्कानं बिनचूक. पण माणसाला ५० किमी दिसत आलेत, त्याच भरवशावर तो सायकल काढतो. एके सकाळी तिथं ८० दिसले, तर तो दुसरी तक्रार टाकणार. उलट सरसकट ५० किमी केलं, तर ज्यांना लांबच्या डब्या हव्याच होत्या त्यांच्या गुपचूप गायब होणार, आणि ते तर माझ्या मते जास्त वाईट. जास्तीच्या डब्यांची निदान तक्रार येते, न आलेल्या डबीची कुणाला दाद नसते. मी अडून बसले, की एकक बदललेल्या प्रत्येकाला विचारा.

शेवटी सर्चच्या वर एक पट्टी आली: ५० किमी ठेवू की ८०? जर्मनीच्या गृहस्थांनी ५० घेतले आणि आभाराचा मेल पाठवला. बऱ्याच जणांनी ८० वर बोट ठेवलं. तिकडच्या डेव्हलपरनं तेवढाच स्क्रीनशॉट मला पाठवून दिला.